मागची सीट

आईने चिपळूणहून कराडला येणं बंद केलं, तेव्हा मी ते तिच्या वयावर ढकलून मोकळा झालो. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, मणक्याची झीज आणि मध्ये कुंभार्लीचा घाट. "माझी कंबर आता हा प्रवास सोसत नाही रे. तूच येत जा," असं ती फोनवर म्हणाली आणि मी "बरं" म्हटलं. नातीचं बारावीचं वर्ष होतं. आजीने दोन महिने येऊन राहायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

गाडी आमची 2011 सालची, डिझेलवरची डिझायर. 2 लाख 12 हजार किलोमीटर पडलेले, पण इंजिन ठणठणीत. ऑइल मी वेळच्या वेळी बदलतो, गाडी धुऊनपुसून ठेवतो. पुढून खडखड यायला लागली म्हणून पाच महिन्यांपूर्वी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पुढचे दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्मचे बुश नवे टाकून घेतले होते. बिल चांगलंच झालं. महिना-दीड महिना आवाज गेला, मग परत आला. आपल्याकडचे रस्तेच असे, म्हणून मी तो कानाआड केला.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने ओगलेवाडीच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. पत्र्याची शेड, मध्ये खोदलेला पिट, कोपऱ्यात बुश दाबून बसवायची प्रेस. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही की जॅकही लावला नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा :

"सर, गाडीत बसतं कोण कोण?"

"मी, बायको, मुलगी. आई यायची, आता येत नाही."

"का?"

"वय झालं. कंबर दुखते."

"कुठं बसायच्या?"

"मागे, डाव्या बाजूला."

मिस्त्री मागचं दार उघडून नेमके तिथेच जाऊन बसले. "चला, घ्या गाडी."

तीनेक किलोमीटर गेलो. ते एक शब्द बोलले नाहीत. एक तळवा सीटवर टेकवलेला, पाय सपाट आणि नजर बाहेर. परत वळलो तेव्हा म्हणाले, "आता मी चालवतो, तुम्ही मागं या."

अकरा वर्षांत मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसलो नव्हतो. पहिल्याच गतिरोधकावर पुढची चाकं गेली, मागची चढली आणि सीट मला घेऊन वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. सावरतोय तोवर तिसरा हेलकावा. पुढे डांबराची ठिगळं लागली. एकेका ठिगळाचा दणका माकडहाडापासून निघून मानेपर्यंत पोचत होता. स्टिअरिंग हातात असलं की खड्डा आधी डोळ्यांना दिसतो, अंग आपोआप आवळून तयार राहतं. मागच्या माणसाला खड्डा कळतो तो कमरेतच. तीन किलोमीटरांत माझी पाठ भरून आली. चिपळूण ते कराड शंभरेक किलोमीटर आहे.

शेडमध्ये आल्यावर मिस्त्रींनी मागच्या चाकाआड बॅटरीचा उजेड टाकला. शॉकअपच्या नळीवर काळी, ओलसर धूळ थापून बसली होती. आतलं तेल सील फुटून कधीच बाहेर आलं होतं. "स्प्रिंग वजन उचलती, पण तिला थांबायचं कळत नाही. थांबवतो तो ह्यो," असं म्हणत त्यांनी डिकीचा कोपरा जोर लावून खाली दाबला आणि सोडला. गाडी वर येऊन एका झोक्यात शांत व्हायला हवी होती, ती डोलतच राहिली. मागचे शॉकअप गाडीबरोबर आलेलेच होते. आवाज पुढून येत होता, म्हणून मी पैसा पुढे घातला होता. मागचे बिचारे आवाज न करता संपले होते.

टायरची नक्षी शाबूत होती, पण बगलेवरचे चार आकडे त्यांनी मला वाचायला लावले : 2315. म्हणजे 2015 सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांत रबर लाकडासारखं टणक झालं होतं. त्यातून ॲव्हरेज चांगलं मिळतं म्हणून मी पंपावर 40 ची हवा भरून घ्यायचो. ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर योग्य आकडा छापलेला असतो, तो मी पहिल्यांदा त्या दिवशी वाचला. तो पुष्कळ कमी होता.

खरं नवल पुढे होतं. पाच महिन्यांपूर्वी घातलेले लोअर आर्मचे बुश काढले, तर दोन्हींच्या रबराला चंद्रकोरीसारखी चीर.

"माल खराब होता का?"

"माल चांगला होता. हे रबर झिजलेलं नाही सर, पिळून फाटलंय."

त्यांनी तो बुश माझ्या हातावर ठेवला. मधोमध एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी, आणि दोन्हींना घट्ट चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जाम होते, आणि आर्म वरखाली होतो तेव्हा रबर फक्त पिळतं आणि सुटतं. बिजागरीसारखं ते फिरत नाही. गाडी वर टांगलेली असताना आर्म खाली लोंबतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उतरल्याबरोबर रबराला पीळ बसतो. मग गाडी नुसती दारात उभी असली तरी ते रात्रंदिवस पिळलेलंच राहतं. दोन-चार महिन्यांत फाटतं, आणि मालक माल देणाऱ्याला दोष देतो.

दुसऱ्या दिवशी काम चाललं होतं तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसून होतो. मागचे शॉकअप जोडीने, मागच्या बीमचे बुश, पुढच्या लिंक रॉड, आर्मचे बुश. प्रेसमध्ये बुश बसवताना रबराला ग्रीस नाही, साबणाचं पाणी. ग्रीसने रबर फुगतं. आयटीआय करून आलेला एक पोरगा हाताखाली होता, हात चलाख. त्याने आर्म चढवला, बोल्ट घातला आणि लगेच पाना लावला.

"हात थांबव," मिस्त्री म्हणाले.

"वस्ताद, एवढा टाइट करतो की. परत खाली शिरायचं कशाला?"

"आत्ता तिच्या पायावर वजन हाय का?"

पोरगा गप्प राहिला.

"मग तिला काय सोसायचंय ते तुला कसं कळणार? नट हातानं लाव, सैल सोड. चाकं घाल. गाडी चारी पायांवर उभी राहू दे. मग आवळ."

बोल्ट सैलच ठेवून चाकं चढवली. गाडी हळू ढकलत पिटवर आणली, कोपरे दाबून दाबून तिला तिच्या उंचीवर बसू दिलं, आणि मग पोरगा पाना घेऊन खाली उतरला. या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागली. शेवटी अलाइनमेंट, नवे टायर आणि कागदावर लिहिलेली हवा. टायर सोडले तर मिस्त्रींचं बिल मागच्या बिलाच्या निम्म्यालाही पोचलं नाही.

त्या वर्कशॉपवर मला राग काढता आला असता. पण पिटच्या काठावर बसल्या बसल्या मला माझंच बोलणं ऐकू येत होतं. आईने कंबर दुखते म्हटलं होतं, तेव्हा मी एक प्रश्नही विचारला नव्हता. ती कुठे बसते, तिला कुठे दणका बसतो, घाटात दुखतं की सपाटीवर, काही नाही. तिच्यावरचं वजन न बघताच मी निकाल आवळून टाकला होता.

त्या रविवारी चिपळूणला गेलो. "एकदाच चल. पोफळीपर्यंत जाऊ, नाही जमलं तर मागे फिरू," मी म्हणालो. आई नाखुशीने बसली, दोन उशा घेऊन. पोफळी आली, मी आरशातून बघितलं. ती बाहेर बघत होती. घाट सुरू झाला, वळणांवर गाडी रस्ता धरून होती. हेळवाक गेलं, कोयनानगर गेलं. पाटणच्या अलीकडे आरशात पाहिलं तर तिची मान उशीवर कलंडलेली. झोप लागली होती.

कराडात उतरल्यावर तिने विचारलं, "नवीन गाडी घेतलीस का रे?"

आई दोन महिने राहिली. मुलीची बारावी झाली, पुढे ती गाडी शिकली, लायसन्सही आलं. आता महिन्यातून एकदा मी तिच्या हाती चावी देतो आणि मागे, डाव्या बाजूला बसून ओगलेवाडीपर्यंत जाऊन येतो.