न मोजलेली पिले

कोंबडीने हिरव्या रंगाचे अंडे घालावे, एवढ्याच हेतूने कोणी वर्षानुवर्षे खटपट करीत असेल, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस थट्टेची वाटेल. ज्या घरी चार कोंबड्या आहेत त्या घरचा मनुष्य सकाळी डालगे उचलून अंडे आहे की नाही एवढेच पाहतो. त्याच्या रंगाची चौकशी करण्याचे त्यास कारण पडत नाही. तथापि इंग्लंड-अमेरिकेत परसातील खुराड्यापाशी नेमका हाच उद्योग करणारी कुटुंबे आज थोडी नाहीत. कोणास कच्च्या पेरूसारखा फिकट हिरवा रंग हवा असतो, तर कोणास ऑलिव्ह नावाच्या फळासारखा काळपट हिरवा.

आमची एक भाची इंग्लंडातील एका शहरात राहते. तिला ह्या छंदाने घेरले. टपालाने आणविलेली बारा अंडी तिने एका लहानशा उबवणी यंत्रात ठेवली. नऊ पिले निघाली, आणि ती वाढू लागली तेव्हा त्यांतील पाच कोंबडे ठरले. पाचही जण पहाटेपासून आरवू लागले, शेजारी तक्रार घेऊन आले, आणि तिने आम्हांस लिहिले, "मामा, चार जणींच्या हिरव्या अंड्यांसाठी मी ह्या पाचांना जगात आणले. आता ह्यांचे काय करू? आणि मुळात मी केले ते बरोबर होते का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिचे तिलाच शोधावे लागले. दुसऱ्याचा विचार आम्ही पुष्कळ दिवस करीत आहो.

प्रथम अंडे हिरवे होते कसे ते पाहू, कारण नीतीचा प्रश्न त्या माहितीतच दडलेला आहे. कोंबडीच्या अंड्याच्या कवचास रंग देणारी द्रव्ये मुख्यत्वे दोन. एकाचे नाव बिलिव्हर्डिन. हे पित्तातले निळसर-हिरवट द्रव्य कवच तयार होत असतानाच त्यात मुरते. दुसरे प्रोटोपॉर्फिरिन, हे तपकिरी असून अंडे बाहेर पडण्याच्या सुमारास कवचावर वरून चढते. म्हणून तपकिरी अंडे फोडले तर टरफल आतून फिकट दिसते, निळे मात्र आतबाहेर निळे असते. निळ्या कवचावर तपकिरीचा हात फिरला की डोळ्यांस हिरवा रंग दिसतो. हिरव्या अंड्याचे टरफल उलटे करून पाहावे, आत निळाई सापडते. साळुंकीचे अंडे ज्यांनी भिंतीच्या भोकात पाहिले असेल त्यांस तो रंग ओळखीचा वाटेल.

हा निळा वाण प्रसिद्धीस आला तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशातून. तेथील मापुचे लोकांस स्पॅनिश लोक आराउकानो म्हणत, आणि त्यांच्याकडील कोंबड्यांस पुढे आराउकाना हे नाव पडले. साल्वादोर कास्तेयो नावाच्या स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञांनी १९१४ साली चिलीत ह्या कोंबड्या पाहिल्या. त्यांस शेपूट नव्हते, कानांजवळ पिसांचे झुबके होते, आणि अंडी निळी होती. १९२१ साली हेग येथे भरलेल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांनी ही एक नवीनच जात म्हणून सांगितली. पुढे कळून आले की चिलीतीलच डॉक्टर बुस्तोस ह्यांनी दोन निरनिराळ्या गावठी वाणांचा संकर करून ती जोपासली होती. कोयोंका नावाचा वाण बिनशेपटीचा व निळी अंडी घालणारा. केत्रो नावाचा वाण झुबक्यांचा, पण त्याची अंडी निळी नव्हेत. कास्तेयो ह्यांनी १९२४ सालच्या बार्सेलोना येथील परिषदेत आपली चूक उघडपणे दुरुस्त केली. पंडितांत ही गोष्ट नित्याची नाही, म्हणून मुद्दाम नमूद करतो. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की झुबक्यांचा व निळ्या अंड्याचा मूळचा काही एक संबंध नव्हता. त्याचे कारण पुढे येईल.

निळा रंग एका प्रभावी जनुकाने येतो, असे केंब्रिजचे प्राध्यापक पनेट ह्यांनी १९३३ साली दाखविले. तो जनुक आला कोठून, ह्याचा उलगडा २०१३ साली झाला, आणि तो फार मनोवेधक आहे. पुरातन काळी एक विषाणू कोंबडीच्या वंशद्रव्यात शिरला व तेथेच राहून गेला. त्याच्या शेजारचे जनुक एरवी यकृतात काम करते. विषाणूच्या सान्निध्यामुळे ते कवच बनविणाऱ्या अवयवातही जागे झाले, आणि अंडे निळे झाले. अशी घटना चीनमधील कोंबड्यांत व चिलीच्या कोंबड्यांत वेगवेगळी घडली. रोगाचा जंतू वस्तीस आला आणि शोभा ठेवून गेला! ह्या शोभेत मनुष्याचे कर्तृत्व काहीच नाही. ती पसरविण्यात मात्र आहे.

आता हिशेबाकडे वळू. फ्रान्स देशात मारां नावाची कोंबडी आहे. तिचे अंडे गडद तपकिरी असते. शुद्ध निळ्या वाणाचा कोंबडा व मारां कोंबडी जुळविली तर त्यांच्या सर्व मुली हिरवी अंडी घालतात. येथपर्यंत सोपे. पण छंदी मनुष्यास आणखी गडद रंग हवा असतो, म्हणून तो त्या मुलींस पुन्हा मारां कोंबड्याशी जुळवितो. आता निळा जनुक निम्म्याच संततीस मिळतो. समजा चाळीस पिले निघाली. सरासरीने वीस कोंबडे. उरलेल्या वीस तलंगांपैकी दहा साधी तपकिरी अंडी घालणार. आणि राहिलेल्या दहांच्या छटा दहा प्रकारच्या, त्यांत मनाजोगती गडद हिरवी एखाददुसरीचीच. हे कळण्यासही पाच-सहा महिने दाणे घालावे लागतात. कोंबडा तर अंडे घालीत नाही, म्हणून त्याच्या अंगचा रंग दिसण्याची सोयच नाही. एक खूण आहे: आराउकानाचा बसका, वाटाण्यांच्या ओळींसारखा तुरा व निळा रंग ह्यांची जनुके एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी आहेत, त्यामुळे तुरा पाहून बहुधा अटकळ बांधता येते. अलीकडे पिसाच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावरूनही परीक्षा होते. ह्या ज्ञानाने नको त्या जोड्या टाळता येतात. तसेच नको ते पिलू लवकर टाकूनही देता येते. ज्ञान दोन्हीकडे सारखेच चालते.

कोणी म्हणेल की पोटासाठी पक्षी पाळणाऱ्यास माफी आहे, डोळ्यांच्या हौसेसाठी पाळणाऱ्यास नाही. आम्हांस हे म्हणणे पुरते पटत नाही. पोटाचा धंदा तरी निर्मळ कोठे आहे? मोठ्या कारखान्यांत अंड्यांच्या जातीची नर पिले जन्मल्या दिवशीच मारण्याचा प्रघात पडला, कारण ती अंडी देत नाहीत व मांसासही लवकर भरत नाहीत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही चाल कायद्याने बंद केली. पुष्कळ देशांत ती आजही चालू आहे. स्वस्त अंडे खाणाऱ्या आपण सर्वांनी हिरव्या अंड्याच्या शौकिनास नाक मुरडणे शोभत नाही. शिवाय सुंदर वस्तूची आवड हा काही अपराध नव्हे. दाराशी मोगरा लावणारा मनुष्य भाजी पिकवीत नाही म्हणून त्यास कोणी दोष देत नाही.

तथापि एक भेद आहे, आणि तो आमच्या भाचीच्या पत्रामुळे आम्हांस उमगला. गरजेपोटी वागणाऱ्यास निदान सबब तरी असते. संसार चालवायचा आहे असे तो म्हणू शकतो. हौशी मनुष्यावर कोणतीही सक्ती नव्हती. ती नऊ पिले जगात यावीत असे त्या एका बाईच्या इच्छेवाचून कोणासही वाटत नव्हते. सक्ती नाही म्हणून जबाबदारी कमी, असा सामान्य समज आहे. आमच्या मते ती अधिक आहे, कारण ती वाटून घेण्यास दुसरा कोणी नाही. आमच्या खेड्यांत कोंबडा घरी वाढतो व एके दिवशी पाहुण्याच्या ताटात येतो, त्यात आम्हांस अन्याय दिसत नाही. त्याचे ठिकाण ठरलेले असते. परदेशांतील कित्येक शहरांत कोंबड्या पाळण्यास मोकळीक, पण कोंबड्यास बंदी. तेथे पिले उबविणारा मनुष्य निम्म्या संततीस ठिकाणच ठेवीत नाही, आणि मग एखादा कोंबडा रानाच्या कडेला खोक्यात सोडलेला सापडतो. ज्याने हे केले तो बहुधा दुष्ट नसतो. त्याने टोपलीतली अंडी मोजली होती, पिले मोजली नव्हती.

झुबक्यांची गोष्ट ह्याहून कठीण आहे. तो जनुक आईबाप दोघांकडून आला तर पिलू फुटण्याच्या दोन-तीन दिवस अगोदर कवचातच मरते. झुबक्यांची दोन पाखरे जुळविली तर सरासरीने चारांतले एक पिलू असे जाते. हे आता गुप्त राहिलेले नाही. झुबक्यांचे पाखरू बिनझुबक्याच्या पाखराशी जुळविले तर हा दुहेरी वारसा टळतो. आणि निळ्या किंवा हिरव्या अंड्यास तर झुबक्यांची गरजच नाही. अमेरिकेतील अमेराउकाना जातीस दाढी आहे, शेपूट आहे, निळे अंडे आहे, झुबके नाहीत. तरीही प्रदर्शनातील बक्षिसासाठी कोणी झुबक्यांस झुबके जुळवीत असेल, तर त्यास आम्ही छंद म्हणणार नाही.

विक्रीविषयी थोडे. ह्या अंड्यांत कोलेस्टेरॉल कमी असते अशी वार्ता पूर्वी अमेरिकेत उठली होती. तपासाअंती ती खरी ठरली नाही. आतील बलक व पांढरा भाग इतर अंड्यांसारखाच. मिश्र रक्ताची पिले शुद्ध आराउकाना म्हणून विकणारेही आहेत. असा सौदा कोणत्याही बाजारात खोटाच.

भाचीचे पुढील पत्र नाताळाच्या सुमारास आले. एक कोंबडा तिने शहराबाहेरच्या एका शेतकऱ्यास दिला. चार त्याच शेतकऱ्याच्या मदतीने कापले व घरी आणून शिजविले. पहिल्या दिवशी तिला घास गिळवेना, असे तिने लिहिले आहे. तलंगांपैकी दोघी गडद हिरवी अंडी घालतात, दोघी तपकिरी. ज्याने अंडी विकली त्याने तपकिरी घालणाऱ्या दोघी परत घेऊन बदली देण्याची तयारी दाखविली होती. तिने नको म्हणून कळविले. यंत्र धुऊन, पुसून तिने माळ्यावर ठेवले आहे, आणि चौघी एकाच खुराड्यात आहेत.