पाच फुटांचं घर, हातभर बांध

न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर जोसेफ रिचर्डसन नावाच्या गृहस्थाची जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. शेजारच्या मालकाला इमारतीसाठी ती हवी होती. त्याने हजार डॉलर देऊ केले, रिचर्डसनने पाच हजार मागितले. सौदा फिसकटला. शेजाऱ्याने पट्टीवाचून इमारत उठवायची ठरवली, खिडक्या या पट्टीकडे उघडतील अशा बेताने. रिचर्डसनने १८८२ साली पट्टीवर चार मजली घर बांधून त्या खिडक्या बुजवल्या. घराची रुंदी पाच फूट, लांबी १०४ फूट. आपल्या मापात अर्धा गुंठाही नाही. आणि मग तो स्वतः त्या घरात राहायला गेला.

या गोष्टीत मला हे शेवटचं वाक्यच मोलाचं वाटतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे पुष्कळ असतात, पण ते कापलेलं नाक घेऊन त्याच गल्लीत जन्म काढणारे थोडे.

त्या म्हणीची एक साक्ष आमच्या सांगोल्याच्या इतिहासात आहे. १७५० च्या सप्टेंबरात सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांना घेऊन इथे आले, पेशव्यांविरुद्ध उठलेल्या यमाजी शिवदेवांचं बंड मोडलं, आणि सांगोल्याच्या कराराने राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती गेला. रामराजांना आपला नातू म्हणून गादीवर आणलं होतं ताराबाईंनी. पेशव्याला दूर करा, हे त्यांचं म्हणणं नातवाने ऐकलं नाही, तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी त्याला साताऱ्यात कैद केलं. पुढे १७५२ मध्ये जेजुरीला शपथेवर सांगितलं, हा माझा नातूच नव्हे. खरंखोटं काही असो, स्वतः उभं केलेलं घर एका वाक्यात पाडायचं म्हणजे कमालच!

मात्र रिचर्डसनी घर बांधायला नुसता आकस पुरत नाही. आधी उरलेली पट्टी लागते, आणि ती बहुतेक वेळा रस्ता निर्माण करतो. बैरूतमध्ये १९५४ सालचं ‘अल-बासा’ नावाचं घर आहे. एका टोकाला ते जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद आहे. दोन भावांचं जमिनीवरून बिनसलं, तेव्हा एकाने दुसऱ्याच्या घरातून दिसणारा समुद्र झाकायला ते बांधलं, असं सांगतात. भावांच्या भांडणाची अशीच दंतकथा बॉस्टनच्या हल स्ट्रीटवरच्या दहा फुटी घराबद्दलही आहे. अशा कथांना पुरावा कोणी मागत नाही, कारण भाऊ म्हटल्यावर सगळ्यांना लगेच पटतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. योगायोग असा की १८८२ हेच आपल्या सुविधाधिकार कायद्याचंही साल. वीस वर्षं अखंड उपभोगलेल्या उजेडावर खिडकीवाल्याचा हक्क तो मानतो. इंग्लंडातही ही रीत होती. अमेरिकेतल्या न्यायालयांनी ती बहुतांशी झिडकारली, म्हणून तिथे शेजाऱ्याचा सूर्य अडवणं हा मालकीचा भाग ठरला.

सांगोल्यात पाच फुटी घर शोधू नये. इथली खुन्नस उभी राहत नाही, ती आडवी पसरते. तिचं नाव बांध. दरसाल नांगरटीच्या वेळी नांगराचं एक तास पलीकडे सरकतं; माणूस काही बोलत नाही, बैल तर नाहीच. आता ट्रॅक्टर आला, त्याला तेवढंही मन नाही. दोनशे फुटांचा बांध हातभर सरकला तर तीनशे चौरस फूट, म्हणजे पाव गुंठ्याला थोडं वर. तेवढ्यासाठी मोजणी आणतात, खुणेचे दगड रोवतात, ते रात्री उपटतात, तालुक्याला खेटे घालतात, वकील लावतात. माण नदीच्या या दुष्काळी मुलखात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आली, तेव्हा लोकांनी तिच्यातलं पाणी गाळून बाकीचं अमलात आणलं, असा विनोद उगाच होत नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘सलोखा’ योजना काढली. बारा वर्षं एकमेकांच्या नावची जमीन कसणाऱ्यांनी अदलाबदल केली, तर मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार. सलोखा करायलाही सवलत द्यावी लागते.

रिचर्डसनचं घर १९१५ साली पाडलं. घराला वय असतं, ते भरलं की भांडणही संपतं. बांधाला वय नाही. तो सातबाऱ्यावर पोटहिश्शांच्या आकड्यांमागून मुलांकडे जातो, ज्यांना पहिलं तास कोणी सरकवलं हे ठाऊकही नसतं. आणि त्यात कोणाला राहावं लागत नाही, म्हणून त्याची अडचण कोणाला रोज टोचत नाही.

अपवाद वाटणीच्या भिंतीचा. जुन्या माळवदाच्या घरात भाऊ वेगळे झाले की सोप्याच्या मधोमध भिंत येते. हातभर जाडीची भिंत दोन्हीकडून अर्धा-अर्धा हात खाते. वाटणीपत्रात खोल्या असतात, खण असतात, परसातला आड असतो, आडाच्या पाण्याच्या पाळ्याही असतात. भिंतीखाली गेलेली जमीन कोणाच्याच वाट्याला लिहिलेली नसते.