दफनभूमीपर्यंतचा रस्ता

५ डिसेंबर २०१३ रोजी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी पेटली, तेव्हा इमाम उमर कोबिन लायामा यांना बायकामुलांसह कॅथलिक आर्चबिशप द्येदोने न्झापालैंगा यांनी आपल्या घरी आणलं. मुक्काम लांबला, महिने गेले. बाहेर मुसलमान हाती लागला की जमाव भररस्त्यात ठेचून मारत होता.

त्याआधीचे नऊ महिने ख्रिस्ती वस्त्यांनी भोगले होते. मार्च २०१३ मध्ये सेलेका या मुख्यतः मुस्लिम बंडखोरांच्या आघाडीने बांगी घेतली, अध्यक्ष बोझिझे पळाले आणि मिशेल जोतोदिया देशाचे पहिले मुस्लिम अध्यक्ष झाले. सेलेकाच्या बंदूकधाऱ्यांनी घरं लुटली, माणसं मारली. मग मुख्यतः ख्रिस्ती आंती-बालाका टोळ्या उठल्या आणि त्यांनी हिशेब चुकता केला तो मुसलमान दुकानदारांशी, गुराख्यांशी, ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नव्हती त्यांच्याशी. देशातल्या ४३६ मशिदींपैकी ४१७ उद्ध्वस्त झाल्याचं संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी राजदूत समान्था पॉवर यांनी २०१५ मध्ये सांगितलं होतं.

लायामा, न्झापालैंगा आणि इव्हँजेलिकल पास्टर निकोला गेरेकोयामे-बांगू हे तिघे पहिल्यापासून एकच सांगत राहिले: हे धर्मयुद्ध नव्हे, सत्तेचं आणि खाणींचं भांडण आहे. यात तथ्य आहे. हिरे-सोनं कुणाच्या ताब्यात, कुरणं कुणाची, ईशान्येकडच्या मुस्लिमबहुल भागाकडे १९६० पासून कुठल्या सरकारने पाहिलं, हे प्रश्न जुनेच होते. तरीही मला हे उत्तर अपुरं वाटतं. भांडण खाणीवरून असेल. दाराशी आलेला जमाव मात्र आत राहणाऱ्याचं नाव विचारत होता. दोन्ही समाजांची भाषा एकच, सांगो. तरी नावावरून माणूस मरत होता. ‘धर्माचा संबंध नाही’ असं म्हटलं की परक्याला दिलासा मिळतो, आणि ज्याच्या शेजाऱ्याने हात उचलला त्याच्या पदरात काही पडत नाही.

मग या तिघांचं लोकांनी का ऐकलं? माझ्या मते, वाक्यामुळे नव्हे, त्या घरामुळे. आपल्याकडेही शांतता समितीच्या बैठका होतात, चहा होतो, फोटो निघतो. ज्याने घरात माणूस लपवला त्याचं वजन वेगळंच असतं. आर्चबिशपांनी आपल्याच लोकांचा राग ओढवून घेतला होता.

नोव्हेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस बांगीला आले. २९ तारखेला त्यांनी इथल्या कॅथेड्रलमधला ज्युबिली वर्षाचा पवित्र दरवाजा रोमच्याही आधी उघडला आणि दुसऱ्या दिवशी पीके-५ या वेढ्यातल्या मुस्लिम वस्तीतल्या मशिदीत गेले. निघताना तिथले इमाम तिदियानी मूसा नाइबी त्यांच्या गाडीत बसले. अशा प्रतीकांना मी हसत नाही.

पण मला जास्त मोलाची वाटते ती नंतरची, फारशी न गाजलेली गोष्ट. पीके-५ची दफनभूमी शेजारच्या बोइंग भागात, आणि तिकडचा रस्ता आंती-बालाकांच्या धाकात. वस्तीतल्या लोकांना आपलं मयत दफनभूमीपर्यंत नेता येत नव्हतं. २०१६ मध्ये दोन्ही वस्त्यांनी एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार केला आणि जनाजे पुन्हा त्या रस्त्याने जाऊ लागले. कुणी कुणाला मिठी मारली की नाही, याच्याशी त्या मयताला काय देणंघेणं?

अशी शांतता टिकतेच असं नाही. १ मे २०१८ रोजी पीके-५ लगतच्या फातिमा चर्चवर हल्ला झाला, मारल्या गेलेल्यांत एक पाद्री होते; संतापलेला जमाव त्यांचा मृतदेह घेऊन अध्यक्षांच्या राजवाड्याकडे निघाला. लायामा २०२० मध्ये वारले.

जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने आंती-बालाकांचे आल्फ्रेड येकातोम यांना पंधरा आणि एकेकाळी देशाच्या फुटबॉल संघटनेचे प्रमुख असलेले पात्रिस-एदुआर न्गाइसोना यांना बारा वर्षांची शिक्षा दिली. सेलेकाच्या महामत सईद यांच्यावरचा खटला त्याच न्यायालयात २०२२ मध्ये उभा राहिला. दोन्ही बाजूंचे लोक पिंजऱ्यात आले, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण हेगमधल्या त्या न्यायालयातून घराचा ताबा मिळत नाही. जीव वाचवायला कॅमेरून किंवा चाडमध्ये गेलेल्या आणि आता परतणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्याने आपलं दुकान मागायचं कुणाकडे? त्यात आता शेजारीच राहत असेल, तर त्याला बाहेर काढायला जाणार कोण, इमाम की आर्चबिशप?