कातळातल्या पाण्याची खतावणी

शेजाऱ्याने बांधाला लागून बोअर मारलं आणि आठवडाभरात आपली विहीर आटली, तर दाद कुठे मागायची? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर हा प्रश्न टाकून पाहा, फुलंब्रीत टाका नाहीतर वैजापुरात. उत्तर ठरलेलं आहे: ज्याची जमीन त्याचं पाणी. ते इतक्या सहज येतं की वाडवडिलांपासून चालत आलेलं असावं असं वाटतं. त्यामागचा कायदा मात्र साता समुद्रापलीकडचा आहे. १८४३ साली इंग्लंडमध्ये ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल हा खटला झाला. कोळशासाठी खाणीचे खड्डे खणले गेले आणि जवळच्या गिरणीच्या विहिरीचं पाणी पळालं. कोर्टाने गिरणीवाल्याला दाद दिली नाही. ओढ्याचं पाणी कुठून येतं, कुठे जातं हे दिसतं. जमिनीखाली काय चालतं ते कोणाला ठाऊक? मग त्यावर शेजाऱ्याचा हक्क मानायचा कसा, असा त्या निकालाचा रोख होता. १८८२ च्या आपल्याकडच्या इझमेंट्स ॲक्टमध्येही हीच धारणा उतरली.

या हक्काचा पाया असा अज्ञानाचा आहे. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सरकारी नोकरीतल्या भूवैज्ञानिकांनी ते अज्ञान बरंचसं घालवलं. हक्काला मात्र धक्का लागला नाही. मराठवाड्याच्या पाण्याची चर्चा आपण बहुतेक वेळा जायकवाडीपासून सुरू करतो आणि तिथेच संपवतो, त्यामुळे ही दुसरी गोष्ट सांगायची राहून जाते.

छत्रपती संभाजीनगर शहराला भूजल नवं नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये शहर वसवलं आणि पाण्यासाठी नहर बांधली. उत्तरेच्या डोंगरउतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालच्या मार्गाने, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. अठराव्या शतकात पाणचक्कीचं जातं फिरलं तेही डोंगराकडून खापरी नळांतून आलेल्या अशाच पाण्यावर. खडकाचं शास्त्र त्या कारागिरांनी लिहून ठेवलं नाही. पण त्यांच्या रचनेतच एक मर्यादा होती: खडकातून आपोआप पाझरेल तेवढंच पाणी नहरेत यायचं. पाझर कमी झाला की शहराचं पाणी कमी, आणि त्यावर कोणाचा इलाज नव्हता. नहरेला लोभ करता येत नव्हता. बैलाच्या मोटेलाही तो एका मर्यादेपलीकडे जमत नसे. लोभाची सोय विजेच्या पंपाने केली.

निजामाच्या राज्यात कॅप्टन लेनर्ड मन यांच्या पुढाकाराने हैदराबाद भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभं राहिलं आणि विहिरी खोदण्यासाठी एक स्वतंत्र खातंही निघालं. मन यांच्या कामाचा मोठा भाग रायचूरकडच्या ग्रॅनाइटच्या मुलखात झाला. या राज्यात दोन खडक होते आणि दोन्हींचे स्वभाव निराळे. तेलंगणात ग्रॅनाइट, म्हणून तिथे गावोगावी तळी. मराठवाड्यात लाव्हाचा काळा पाषाण आणि वर काळी माती, म्हणून इथे विहिरी. आपल्याकडे तळी का नाहीत याची खंत करताना खडकाकडे कोणी बोट दाखवत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

काळ्या पाषाणाच्या पोटात काय आहे ते कळलं तेही दुसरंच काही शोधताना. अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशात, भुसावळला दगडी कोळसा लागतो का हे पाहायला खोल भोक पाडलं होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एल. एल. फर्मर यांनी त्यातून निघालेला खडक तपासला आणि १९२५ मध्ये निष्कर्ष छापला: सुमारे बाराशे फुटांत लाव्हाचे २९ थर. कोळशाचा पत्ता नव्हता. पण एकसंध वाटणारा पहाड प्रत्यक्षात एकावर एक वाहत आलेल्या थरांची चळत आहे, हे मोजून सिद्ध झालं. पाण्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचं, कारण दोन थरांच्या सांध्यात आणि प्रत्येक थराच्या भेगाळ, कुजलेल्या भागातच पाण्याला जागा असते.

विहीर खोदणाऱ्यांना हे थर कधीचेच माहीत होते. कुठल्याही नव्या विहिरीच्या कडेला उभं राहिलं की ते दिसतात. वर हात-दोन हात माती, मग पिवळसर मुरूम, मग ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या, ज्याच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारा भरलेल्या असतात. कधी मधेच गेरूसारखा तांबडा पट्टा, आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा फत्तर. परदेशी पाठ्यपुस्तकांचं म्हणणं असं की पोकळ्यांचा खडक पाणी धरणार आणि घट्ट खडक कोरडा राहणार. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले भूशास्त्रज्ञ आर. बी. गुप्ते यांनी धरणांच्या जागा तपासताना याच्या उलट चित्र पाहिलं. मांजऱ्याच्या पोकळ्या झिओलाइट या खनिजाने गच्च भरलेल्या आणि त्याला सांधे नाहीत, म्हणून ताजा मांजऱ्या पाणी सोडतच नाही. घट्ट फत्तराला मात्र उभे-आडवे सांधे असतात आणि पाणी त्यांतून खेळतं. तोच मांजऱ्या वरच्या भागात कुजला की पुन्हा पाणी धरू लागतो. पुस्तक बाजूला ठेवून खडकाकडे पाहायचं, ही शिस्त गुप्त्यांसारख्यांनी महाराष्ट्राच्या अभियंत्यांना लावली. तिचा फायदा धरणांना झाला तसा विहिरींनाही झाला.

इथवर प्रश्न एकच होता: पाणी कुठे आहे? पाणाड्याचाही प्रश्न तोच, आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजलावरचा जो अख्खा अध्याय आहे त्याचाही तोच. तो बदलला अमेरिकेच्या सरकारी भूसर्वेक्षणात. १९३५ मध्ये सी. व्ही. थाइस यांनी उष्णता धातूतून कशी पसरते याचं गणित घेऊन विहीर उपसली की आजूबाजूची पातळी कशी उतरत जाते ते मांडलं. पातळीतली ही घट विहिरीभोवती फनेलसारखी असते आणि उपसा चालू राहील तशी ती रुंदावत शेजाऱ्याच्या हद्दीत शिरते. १८४३ च्या न्यायाधीशांना जे सांगता येणार नाही असं वाटलं होतं, ते आता कागद-पेन्सिलीने सांगता येऊ लागलं. १९४० मध्ये थाइस यांनी याहून साधी आणि याहून बोचरी गोष्ट लिहिली: विहिरीतून निघणारं पाणी कुठल्या तरी दुसऱ्या ठिकाणचं कमी होऊनच येतं. ओढ्याचं, झऱ्याचं, साठ्याचं. फुकटचं पाणी नाहीच.

हे शास्त्र भारतात आलं पन्नाशीच्या दशकात, अमेरिकी तांत्रिक मदतीबरोबर. त्याच भूसर्वेक्षणातले जॉर्ज टेलर इथे येऊन काम करून गेले आणि १९५९ मध्ये त्यांनी भारताचे भूजल-प्रांत पाडून दाखवले. १९५४ मध्ये केंद्राने नलिका विहिरींच्या शोधासाठी स्वतंत्र संघटना काढली. तिचंच पुढे १९७० मध्ये केंद्रीय भूजल मंडळ झालं. पण तिचा भर गंगेकाठच्यासारख्या गाळाच्या प्रदेशांवर होता. वाळूत यंत्र सुरळीत उतरतं, पाणी भरपूर लागतं, अहवाल चांगला दिसतो. काळ्या पाषाणाची पाळी उशिरा आली. शिवाय थाइस यांचं गणित बारीक नळीच्या विहिरीचं. आपली विहीर वीस-तीस फूट रुंद, तिच्या पोटातच हजारो लिटर पाणी. अशा रुंद विहिरींचं सूत्र पापाडोपुलस आणि कूपर यांनी मांडायला १९६७ साल उजाडलं.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. कठीण खडकात झपाट्याने भोक पाडणारी यंत्रं याच सुमारास मराठवाड्यात दिसू लागली. बोअरवर बसवायला टिकाऊ हातपंप हवा होता. शेजारच्या जालन्यात मिशनरी कार्यकर्त्यांनी घडवलेला जालना पंप, मग सोलापूरचा, आणि त्या वाटेने पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू. पिण्याच्या पाण्यासाठी आलेलं बोअरचं यंत्र शेतात शिरायला फार वर्षं लागली नाहीत. विहीर खोदायला एक-दोन उन्हाळे जायचे. बोअर एका रात्रीत होऊ लागलं.

यंत्रणेने दुसरंही एक काम सुरू केलं, त्याचा गाजावाजा कधी झाला नाही. राज्यभरात चार हजारांच्या आसपास निरीक्षण विहिरी ठरवल्या. वर्षातून चार वेळा कर्मचारी तिथे जातो, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून पट्टी खाली सोडतो, टोक पाण्याला लागलं की आकडा वाचतो, कठड्याची उंची वजा करून नोंदवहीत लिहितो. पावसाळ्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, एवढ्यावर सगळं उभं आहे. या फरकाचं पाण्यात रूपांतर करायचं तर खडकात जागा किती हे माहीत हवं. आपल्या काळ्या पाषाणासाठी, म्हणजे बेसाल्टसाठी, सरकारी पद्धत धरते साधारण दोन टक्के.

हे दोन टक्के एकरावर मांडून पाहू. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. पातळी एक मीटर खाली गेली तर त्या एकराखालून निघालेलं पाणी भरतं ऐंशी हजार लिटर. दहा हजारांचे आठ टँकर. त्याच एकराला पाटाने पाच सेंटीमीटरची एक पाळी द्यायची तर लागतात दोन लाख लिटर. म्हणजे एका पाळीत पातळी अडीच मीटर उतरली. आता जमेची बाजू. पाऊस सातशे मिलिमीटर धरा, त्यातला दहा टक्के मुरतो असं समजा. मुरलं सात सेंटीमीटर. वर्षभराची कमाई दीड पाळीदेखील नाही. आणि मोसंबीच्या किंवा उसाच्या एका एकराला वर्षात अशा चौदा पाळ्या दिल्या, तर परत मुरेल ते सोडून, त्यात दहा एकरांवर मुरलेला पाऊस खर्ची पडला. उरलेले नऊ एकर कोणाचे, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. त्यांच्या वाट्याचं पाणी कुठे गेलं हे कुठेच लिहिलेलं नसतं.

हिशेब इतका साधा आहे. १९७९ पासून देशात भूजल-अंदाजाच्या समित्या झाल्या, १९८४ आणि १९९७ मध्ये पद्धती सुधारल्या. पण हा आकडा वापरला गेला कशासाठी? इथे अजून किती विहिरींना कर्ज देता येईल, हे ठरवण्यासाठी. शिल्लक दाखवणारी वही पुढच्या खर्चाची परवानगी झाली. पाणी कुठे आहे हे सांगणारं शास्त्र गावाने हातोहात उचललं, कारण त्यात प्रत्येकाला काही मिळत होतं. पाणी किती आहे हे सांगणाऱ्या शास्त्रात प्रत्येकाकडून काही मागितलं जात होतं, आणि ते मागायची हिंमत ना पुढाऱ्यांनी केली ना बँकांनी. शेतकऱ्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण थांबलो तर आपल्या वाट्याचं पाणी शेजारी ओढणार हे त्याला थाइस न वाचताही कळतं.

कायदा या शास्त्राच्या मागोमाग आला, पण रखडत. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरांत नवी विहीर घ्यायला बंदी केली. शेजाऱ्याचा उपसा आपल्या विहिरीपर्यंत पोचतो हे राज्याने त्यात पहिल्यांदा मान्य केलं, तेही पिण्याच्या पाण्यापुरतं. २००९ चा कायदा आणखी पुढे गेला: पाणलोट हा घटक, भूजलाचा एकत्रित आराखडा, त्यानुसार पिकं, आणि अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई. तो अमलात यायला २०१४ उजाडलं. त्याच वर्षाअखेरीस जलयुक्त शिवार ही योजना आली आणि सगळं लक्ष नाला खोल करणाऱ्या पोकलेनकडे गेलं. खर्चाच्या बाजूबद्दल बोलायचं पुन्हा लांबलं.

साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. उन्हाळ्यात तमिळनाडूच्या नंबरप्लेटची बोअरची गाडी गावात आली की एजंट दर सांगतो: तीनशे फुटांपर्यंत एक भाव, त्यापुढे दर शंभर फुटांना चढता. कायद्याची हद्द संपते तेव्हा त्याच्या दरपत्रकाचा पहिला टप्पाही संपलेला नसतो.