जगणे कोणी कोणाला शिकवावे?

सोलापूरच्या माणसाची एक अडचण आहे. परदेशी जाऊन परक्यांची सेवा करीन, असे घरातले कोणी म्हणाले, तर त्याला नाही म्हणण्याची सोय आम्हांला उरलेली नाही. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांनी ती उरू दिली नाही. त्यांचे भैय्या चौकातले घर आज स्मारक झाले आहे. त्यावरून भाजीची पिशवी घेऊन जाताना आपण थोर गावचे आहोत असे क्षणभर वाटून जाते. (मलाही वाटते. त्यात माझे कर्तृत्व काय, हा प्रश्न मी चौक ओलांडेपर्यंत पुढे ढकलतो.)

तेव्हा माझ्या पुतणीने यंदा जाहीर केले, की ती सहा आठवडे आफ्रिकेतल्या एका आश्रयगृहात जाऊन तेथील निराधार मुलींना ‘जीवनकौशल्ये’ शिकविणार आहे, त्या दिवशी घरात आनंदीआनंद झाला. वहिनी शेंगाचटणी किती बांधून द्यावी याच्या विचाराला लागल्या. मी तेवढा गप्प होतो.

“काका, तुम्हांला पसंत नाही का?” तिने विचारले.

पसंतीचा प्रश्नच नव्हता. माझे मन त्या एका शब्दापाशी अडले होते. शिवण शिकवावे, सुतारकाम शिकवावे. ज्याला टाका घालता येतो त्याने तो न येणाऱ्याला दाखवावा. तेथे देश, वय, भाषा काही आड येत नाही. पण जगणे? तिच्याजवळ एक छापील यादी होती. पैशाचा हिशेब ठेवणे, वेळेचे नियोजन, मनावरचा ताण सोसणे, नकार देण्याचे धैर्य. ती वाचताना मला आमच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई दिसू लागली. पाने भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून दोरा बांधायचा, हजाराचा हिशेब पुरा करून कारखान्यात न्यायचा आणि छाट म्हणून जेवढ्या बाजूला काढल्या जातील तेवढ्यांचा तोटा मुकाट्याने गिळायचा. घरात तेलुगू, बाजारात मराठी. एवढ्यात मुलांची शाळा आणि सासूचे औषध. हिला वेळेचे नियोजन कोण शिकविणार? परीक्षेच्या दिवशी आईने तीनदा हाक मारल्याशिवाय जी उठत नसे ती आमची पुतणी?

पण येथेच थांबलो तर ती लबाडी होईल. गरिबाला सारे उपजत कळते, असे म्हणणे ही पोट भरलेल्यांची आवडती सोय आहे. त्याच बाईच्या पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरू लागले, तर अठरा पुरी होईपर्यंत कायदा आपल्या बाजूचा आहे, हे तिला हालअपेष्टा शिकवीत नाहीत. कोणीतरी ते सांगावे लागते. आणि पुष्कळदा ते बाहेरच्यालाच सांगता येते, कारण शेजाऱ्याची जीभ शेजाराने बांधलेली असते. म्हणजे परक्याचे काम आहे, यात वाद नाही.

माझे भय यादीतल्या शेवटल्या कलमापुरते होते. नकार देण्याचे धैर्य! समजा, एखादी मुलगी ते शिकली आणि घरी जाऊन बापाला, भावाला, मालकाला ‘नाही’ म्हणाली. त्या नाहीचा दुसरा दिवस उजाडतो, तेव्हा शिकविणारी कोठे असते? बहुतेक विमानात.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड गेले की केडगाव लागते. बहुतेक जलद गाड्या तेथे थांबत नाहीत, म्हणून आपणही तिकडे पाहत नाही. पंडिता रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या आणि त्यांना तेथे ठेविले. विणकाम, तेलाचा घाणा, शेती, गुरे, छापखाना, सारे त्या शिकल्या. मिनी अब्राम्ससारख्या परदेशी बाया मदतीला आल्या, पण सूत्रे रमाबाईंच्या हाती राहिली. याला कारण होते. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि पुढे चेल्टनहॅमला शिकू लागल्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदू विधवेला शिकविण्यास जे उत्सुक होते, तिच्याकडून शिकण्याची वेळ येताच त्यांना संकोच वाटला. रमाबाईंनी त्यांना पत्रांतून जे सुनावले ते वाचण्यासारखे आहे. मात्र पुढे पुण्यात, 1893 मध्ये, धर्माच्या प्रश्नावरून शारदा सदनावर वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. देणाऱ्याच्या झोळीत मागितले त्याहून अधिक काही असतेच, हा संशय तेव्हा त्यांच्याच वाट्याला आला. तो पुरता खोटा होता असे मला म्हणवत नाही. पण एक गोष्ट मात्र खरी, की घराला नको झालेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी जायला केडगाव होते.

आणि आमचे कोटणीस? काँग्रेसने 1938 मध्ये चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यातले चौघे परत आले, आणि त्यांनीही आपले काम चोख केले होते. कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले आणि तिच्यातच शिकवू लागले. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तेथेच गेले. लोक त्यांचा त्याग आठवतात. मला त्यांचे ते भाषा शिकणे अधिक मोठे वाटते. रोग्याने दुखणे आपल्या भाषेत सांगावे आणि डॉक्टराला ते कळावे, यासाठी आयुष्याची मुदत न ठरविता जावे लागते.

“पण सगळ्यांना कोटणीस होता येत नाही,” पुतणी म्हणाली. “माझ्याजवळ सहाच आठवडे आहेत. मग काहीच करू नये का?”

प्रश्न रास्त होता. मी तिला इतकेच म्हटले, की बाळ, तेथे रोज राहणाऱ्या ज्या शिक्षिका असतील त्यांना विचार, तुमचे काय अडले आहे. तिने पत्र धाडले. उत्तर आले, की मुलींशी आम्हीच बोलतो, आमच्यात लाज-भीती नाही. पण संस्थेचे हिशेब आम्हांला नीट ठेवता येत नाहीत, आणि त्यामुळे अनुदान अडते. पुतणी वाणिज्याची पदवीधर आहे. तिचा चेहरा उतरला. मुलींच्या घोळक्यातला फोटो कोठे, आणि खोलीत बसून दोघी शिक्षिकांना जमाखर्च शिकविणे कोठे! मला ते उत्तर फार आवडले. ती जाईल की नाही, हे तिचे तिने ठरवावे.

दूर जाणे म्हणजे समुद्र ओलांडणेच असे नाही. गोदावरी परुळेकर या कायद्याच्या पदवीधर. त्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत गेल्या, त्यांच्या झोपड्यांत राहिल्या, आणि वेठबिगारीला नाही म्हणता येते हे त्यांनी सांगितले. 1945 मध्ये वारल्यांनी तसे म्हटले. त्या नाहीचा दुसरा दिवस फार कठीण गेला. धरपकड झाली, गोळीबार झाला, आणि बाई लोकांबरोबरच राहिल्या. त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 मध्ये निघाले.

आमच्या सोलापुराजवळ कुंभारीला विडी वळणाऱ्या बायांनी सहकारी संस्था काढून दहा हजार घरे उभी केली. 2006 मध्ये ती त्यांच्या ताब्यात आली. वसाहतीला नाव गोदूताईंचेच आहे. तेथल्या एका बाईला मी विचारले, की घर मिळाल्याने काय फरक पडला. तिने पाने कापता कापताच सांगितले, “पूर्वी भांडण झालं की मी बाहेर जायची. आता मी जात नाही.”