तोच ट्रक आणि एक ट्रक

जुन्या ट्रकचे इंजिन बदलून एसीच्या नळ्या नव्याने बसवताना तत्त्वज्ञानातले दोन प्रश्न समोर येतात. भाग बदलले तरी वस्तू तीच राहते का, हा पहिला. अनेक भागांची मिळून एक वस्तू कशामुळे होते, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न बहुधा एकत्रच मांडले जातात आणि पहिल्याच्या चर्चेत दुसरा मागे पडतो.

पहिल्या प्रश्नाची परंपरा मोठी आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते. रथ हे भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवली आहे. कुजलेल्या फळ्या बदलत बदलत अथेन्सच्या लोकांनी ते टिकवले होते. थॉमस हॉब्जने १६५५ साली त्यात भर घातली : काढलेल्या फळ्या जपून ठेवून कोणी त्याच क्रमाने दुसरे जहाज उभारले, तर खरे जहाज कोणते? न्याय-वैशेषिकांचे उत्तर सर्वांत कठोर आहे. अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. ‘हे तेच’ ही ओळख केवळ साम्यामुळे पटते. जैन दर्शनानुसार द्रव्य टिकून राहते, पर्याय मात्र उपजतात आणि लोपतात.

व्यवहाराने हा वाद कागदावर मिटवला आहे. अमेरिकेत गाडीची ओळख सहसा तिच्या व्हिन या वाहन-ओळख क्रमांकावरून ठरते. इंजिन बदलले म्हणून तो क्रमांक बदलत नाही. भारतात नोंदणी प्रमाणपत्रावर चासी आणि इंजिन असे दोन्ही क्रमांक असतात आणि इंजिन बदलल्यास आरटीओकडे त्याची नोंद करावी लागते. ओळख संकेताने ठरते, हे नागसेनाचे म्हणणे इथे पुरेसे ठरते.

दुसरा प्रश्न कागदावर सुटत नाही. शेवरोलेच्या १९६७ ते १९७२ या काळातल्या सी-१० पिकअप ट्रकमध्ये अलीकडचे एलएस जातीचे इंजिन बसवण्याची अमेरिकेत मोठी हौस आहे. जुन्या व्ही-८ इंजिनावर एसीचा कॉम्प्रेसर वरच्या बाजूला असे. ट्रकसाठीच्या एलएस इंजिनावर तो खाली उजवीकडे असतो आणि पुष्कळदा चासीच्या पट्टीला भिडतो. मग पट्टी कापावी लागते किंवा वेगळा ब्रॅकेट लावून कॉम्प्रेसर वर घ्यावा लागतो. कूलिंग कॉइल जुन्या केबिनची आणि कॉम्प्रेसर नव्या इंजिनावरचा. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष असले, तरी त्यांच्यामधली नळी कोणत्याच कारखान्याने बनवलेली नसते.

ती गाडीवर माप घेऊनच करावी लागते. कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारी नळी सर्वांत जाड, कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडे जाणारी मध्यम आणि पुढे ड्रायरमार्गे कॉइलकडे द्रव नेणारी सर्वांत बारीक. टोकाचे फिटिंग आधी सैल लावून त्याचा कोन नळीवर खुणेने आखतात आणि मगच ते क्रिंप करतात, कारण एकदा दाबलेले फिटिंग पुन्हा फिरवता येत नाही. रबरी माउंटवरचे इंजिन ॲक्सिलरेटर दाबताच हलते, म्हणून नळीला थोडी ढील ठेवतात आणि तापणाऱ्या एक्झॉस्टपासून तिला दूर नेतात. जुन्या ट्रकमधला आर-१२ हा वायू १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हळूहळू वापरातून गेला. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए चे रेणू लहान असल्याने साध्या रबरी नळीतून तो झिरपतो; त्यासाठी आत नायलॉनचा थर असलेली नळी लागते. शेवटी व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढतात, पंप बंद करतात आणि दाबमापकाचा काटा ढळतो का ते पाहतात.

भागांचा विशिष्ट रीतीने मेळ झाला म्हणजे ‘रथ’ हे नाव मिळते, असे बौद्ध भाष्यकार बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात म्हटले आहे. ती विशिष्ट रीत म्हणजे नेमके काय, हाच इथला प्रश्न आहे. नैयायिकांच्या मते अवयवांच्या संयोगातून अवयवी उत्पन्न होतो आणि समवाय या संबंधाने तो अवयवांत राहतो. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी त्यावर अनवस्थेचा आक्षेप घेतला. दोघांना जोडणारा समवाय स्वतः त्या दोघांशी कशाने जोडलेला आहे? त्यासाठी दुसरा समवाय मानला तर त्याला तिसरा लागेल. समवायाला वेगळ्या जोडणीची गरज नाही, तो स्वरूपानेच जोडलेला असतो, असे उत्तर नैयायिक देतात.

गॅरेजमध्येही हीच साखळी दिसते. नळी हाही एक भागच आहे. तिला कॉम्प्रेसरशी जोडायला फिटिंग लागते, फिटिंगला ओ-रिंग लागते आणि ओ-रिंगला तेलाचे बोट. पण ही साखळी अनंत चालत नाही. काटा स्थिर राहिला, वायू भरला आणि केबिन थंड झाली, की पुढच्या जोडणीचा प्रश्न उरत नाही. गारवा ना एकट्या कॉइलचा, ना एकट्या कॉम्प्रेसरचा. चक्र पूर्ण झाल्यावरच तो येतो. भागांच्या यादीत नसलेले हे कार्य नुसत्या नावानेही येत नाही. म्हणून ‘संपूर्ण वस्तू म्हणजे केवळ नाव’ हे मत इथे तोकडे पडते. अवयवी त्याच्या कार्यावरून ओळखावा, हा नैयायिकांच्या बाजूने झुकणारा निर्णय या उदाहरणापुरता अधिक सयुक्तिक ठरतो.

तेव्हा दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतात. ट्रक तोच आहे का, हे संकेताने ठरते आणि संकेत बदलला तर उत्तरही बदलते. ट्रक एक आहे का, हे सांध्यांवर ठरते आणि गळका सांधा कोणत्याही संकेताने भरून निघत नाही.