'अनिकेत' आणि ऑनसाइट



आजचा श्लोक गीतेच्या १२व्या अध्यायातला १९वा. देवाला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं सांगताना त्यात एक शब्द येतो, 'अनिकेत'. ज्याला घर नाही, किंवा घरात ज्याचा जीव अडकलेला नाही, असा.

सकाळी वाचताना मी इथेच अडलो. ऑफिसात दोन वर्षांच्या ऑनसाइटबद्दल विचारलंय. आई एकटी, आणि ती काही चिंचपोकळी सोडणार नाही. मित्र म्हणाला, "जा की, गीता वाचतोस ना? हो अनिकेत!" हसलो, पण शब्द टोचला.

मग डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. मूळचे सोलापूरचे, पण डॉक्टरकी शिकले आपल्या परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ खेड्यांत, जपानशी चाललेल्या युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले. तिथली भाषा शिकले. परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, अपस्माराने ते तिथेच गेले. बाळ तेव्हा चार महिन्यांचंही नव्हतं.

तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली होती. तरी ते परतले नाहीत.

हे चुकलं का? मला वाटतं, नाही. समोर जखमी माणसं पडली होती आणि डॉक्टर मोजके होते. घराशी नातंही तुटलं नव्हतं, मुलाच्या नावात आधी भारतच आला. पण सोलापूरच्या घरात जी जागा रिकामी राहिली, तीही खरी. मोठ्या कामाची किंमत घरचेही मोजतात, न विचारता.

माझी कोणी जखमी माणूस वाट बघत नाहीये. तिथे प्रोजेक्ट आहे, पगार आहे. त्यात पाप काहीच नाही, पण त्याला वैराग्य म्हणणं हा खोटेपणा होईल. मी गेलो तर जीव तिथल्या पगारात अडकेल, नाही गेलो तर कदाचित 'मी केवढा त्याग केला' यात. दोन्हीकडे अनिकेत नाहीच!

म्हणून आज एवढंच ठरवलंय. होकार कळवून मग आईला सांगायचं नाही. आधी तिच्याजवळ बसायचं, विचारायचं, आणि ती जे बोलेल ते पूर्ण ऐकायचं.

तुमचं घर तुम्हाला कुठे अडकवतं? आज जरा बघा.

राम कृष्ण हरी.